एवढं भ्यायला देवच हवा

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके मिळून पाहिले, तरी माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस तिथे दुसरा झाला नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. त्यांची निंदा करण्याचा अधिकार मी कधीच गमावला आहे. भिण्याचे प्रकार आणि भिण्याची चिकाटी या दोन्ही बाबतींत त्यांची बरोबरी कोणी करू शकत नव्हते, एवढेच सांगायचे आहे. ते सापाला भीत यात विशेष काही नाही. पण ते सापाच्या कातेलाही भीत, आणि कात दिसली नाही तर ती न दिसण्यालाही भीत. वीज गेली की अंधाराला भीत आणि परत आली की पंखा एकाएकी गरगरू लागल्याने दचकत. कुकर गॅसवर चढला की तिसरी शिट्टी होईपर्यंत अंगणात उभे राहत. खोडाळ्याच्या एका दवाखान्यात उभा जन्म कंपाउंडर म्हणून काढलेल्या या गृहस्थांनी किती दंडांत सुया टोचल्या असतील याची गणती नाही. पण प्रत्येक वेळी 'आई गं' हा उद्गार रोग्याच्या आधी त्यांच्याच तोंडून निघे. "रोगी ओरडायचं विसरतो आणि माझ्याकडे बघत राहतो," ते मला सांगत, "तेवढ्यात सुई बाहेर. भीतीचा असाही उपयोग असतो, जावईबापू."

असा माणूस दाराला तीन कुलपे लावील अशी कोणाचीही कल्पना होईल. मामांच्या घराच्या दाराला साधी कडीसुद्धा नव्हती. होती ती त्यांनी स्वतः पेचकस घेऊन काढली होती, आणि त्याचे कारण सर्वस्वी धार्मिक होते. आम्ही या भागात नोकरीनिमित्त येऊन राहिलेली जेमतेम दहा ख्रिस्ती कुटुंबे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा नाशिकहून येत. बाकीच्या रविवारी मामा आपल्या पडवीत सतरंजी अंथरून उपासना चालवीत. त्यांच्या डोक्यात आयुष्यभर एकच प्रश्न ठाण मांडून बसलेला होता: देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग तो वाईट होऊ का देतो? त्यांना पटलेले उत्तर असे, की देवाने माणसाला मोकळे सोडले आहे. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ला कवडीचे मोल नाही. हे उत्तर आमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले होते आणि ऐकून जिथल्या तिथे ठेवलेले होते. मामांनी ते घरात आणले. ज्याअर्थी देव दार लावून घेत नाही त्याअर्थी आपणही लावू नये, असे ठरवून त्यांनी कडी काढली, आणि त्या दिवसापासून ते दाराकडे तोंड करून झोपू लागले. म्हणजे खरे तर झोपेनासे झाले.

हाच न्याय त्यांनी शेळीलाही लावला. तिच्या गळ्यात दावे नव्हते. शेजारी मंजुळाबाय राहत असे. डोंगरउतारावर भात आणि नागली करणारी, मामांच्याच वयाची, पण आवाजाने त्यांच्या चौपट असलेली ही बाई दर आठवड्याला पडवीसमोर येऊन उभी राही. "ए कंपोंडर, तुजी शेली आज बी माजा काकडीचा येल खाऊन गेली. दाव्याला काय इंगल्या डसतात?" मामा गरिबासारखे उत्तर देत, "बाय, मी तिला सकाळीच समजावून सांगितलं होतं. पण तिनं तसं ठरवलं." "ठरवलं? शेलीनं?" मंजुळाबाय कपाळावर हात मारून घेई. "देवा, फुडच्या जल्मी मला ह्याची शेली कर रं बाबा." मग मामा उरलेला वेल पुन्हा मांडवावर चढवून द्यायला जात, आणि वेलात साप असेल या धास्तीने एका हाताने वेल धरून दुसऱ्या हाताने तासभर पत्र्याचा डबा वाजवीत बसत.

मामा कोणाला अडवत नसत, पण कोणाला सोडूनही देत नसत. बाजाराच्या दिवशी एखादा गडी मोहाची पिऊन पाड्याच्या वाटेला लागला, तर 'जाऊ नकोस' हे शब्द मामांच्या तोंडून येत नसत. ते छत्री घेत आणि वीस पावलांचे अंतर ठेवून त्याच्या मागे चालू लागत. पुढे झिंगलेला माणूस निर्धास्त, मागे शुद्धीतला माणूस थरथरत, अशी ती जोडी रान ओलांडून जाई. एकदा पुढच्याने वळून दरडावले, "कोन हाय रं मागं?" मामा इतके घाबरले, की "मी नाही!" असे ओरडले. मागून कोणीच नाही असे उत्तर आल्यावर त्या गड्याची उतरली, तो धावत घरी पोहोचला आणि महिनाभर त्याने दारूला हात लावला नाही. सगळ्या खोडाळ्याने मामांचे कौतुक केले. मामा मात्र खिन्न होते. "भूत समजून सोडली त्यानं. मनानं सोडली नाही. ती सोडलेली धरू नये." महिन्याने तो पुन्हा प्यायला, आणि मामा पुन्हा छत्री घेऊन निघाले.

मंजुळाबाय ख्रिस्ती नव्हे. तिचा वाघदेव गावाच्या शिवेवर होता आणि त्याचे मानपान ती चुकवीत नसे. पण रविवारी उपासनेनंतर चहा मिळतो आणि कंपाउंडरशी भांडताही येते, म्हणून ती पडवीच्या टोकाला येऊन बसे. एका रविवारी मामा बायबलातल्या पहिल्या जोडप्याच्या बागेबद्दल, त्या बागेतल्या निषिद्ध झाडाबद्दल बोलत होते. मंजुळाबायने मध्येच तोंड घातले. "कंपोंडर, त्या झाडाचं फल खाल्लं का वाटोलं व्हनार, ह्ये देवाला ठावं व्हतं?"

"होतं, बाय."

"आनि ती दोगं खानार, ह्ये बी ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग कुंपन का नाय घातलं? आमी चार काकड्यांला करवंदीच्या काट्यांचं कुंपन घालतो. तुमच्या देवाला काटं नाय मिलालं?"

पडवी हसली. मामा हसले नाहीत. "कुंपण घातलं असतं बाय, तर तो गोठा झाला असता. देवाला लेकरं हवी होती."

"आनि लेकरू मेलं मंजे?"

मामांनी सतरंजीची एक दशी ओढून काढली. मग हळूच म्हणाले, "म्हणून मला वाटतं, त्यांचं पहिलं पाऊल त्या झाडाकडे वळलं, तेव्हा सगळ्यांत जास्त भ्याला असेल तो देव. आपण भितो ते आपल्यापुरतं. सगळ्यांना मोकळं सोडून सगळ्यांसाठी भ्यायचं म्हणजे… एवढं भ्यायला देवच हवा." ही शिकवण शास्त्रशुद्ध आहे की नाही हे सांगण्याची माझी पात्रता नाही. पाळकसाहेबांच्या कानावर ती गेली, तेव्हा त्यांनी मामांना बाजूला घेऊन सौम्य शब्दांत समज दिली, की देव भीत नसतो. मामा "चुकलो" म्हणाले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणाले.

अशा या निरुपद्रवी माणसावर मी एकदा भर कबरस्तानात ओरडलो होतो. माझी पत्नी म्हणजे त्यांची भाची. लहानपणीच पोरकी झालेली, त्यांनीच वाढवलेली. चार पावसाळ्यांपूर्वी तिच्या छातीत दुखू लागले आणि डॉक्टरांनी तिला नाशिकला हलवायला सांगितले. त्र्यंबककडच्या घाटात दरड कोसळलेली होती. जीपमध्ये तिचे डोके माझ्या मांडीवर होते, पुढे माती उपसण्याचे काम चालू होते, आणि ते संपण्याच्या आधी ती गेली. तिच्या कबरीवर माती लोटल्यावर मी मामांना सर्वांदेखत विचारले, "माणसाला मोकळीक दिली म्हणता. दरडीला कोणती मोकळीक दिली होती तुमच्या देवाने?" दुसऱ्या कोणाकडे या प्रसंगासाठी राखून ठेवलेले एखादे वाक्य असते. मामांनी हाताची माती झटकली. ते म्हणाले, "याचं उत्तर मला माहीत नाही, जावईबापू." त्यानंतर कोणीही विचारले, तरी ते माणसाच्या दुष्टपणाबद्दल बोलत आणि दरडीशी येऊन थांबत. "इथून पुढचं मला येत नाही," असे परीक्षेतल्या मुलासारखे कबूल करीत.

त्या दिवसापासून भीती माझ्याही घरात राहायला आली. पण मामांच्या भीतीत आणि माझ्या भीतीत एक फरक होता आणि तो लिहिताना मला लाज वाटते. मामा भीत आणि दार उघडे ठेवीत. मी भ्यालो आणि दार लावून घेतले. मी मोखाड्याच्या शाळेत शिक्षक. आवाज चढवण्याची मला सवय नाही. मी मृदू स्वरात माझ्या मुलीची, करुणाची, एकेक वाट बंद केली. मैत्रिणीच्या स्कूटीवर बसायचे नाही. धबधब्यावरची सहल नको. पावसाळ्यात जव्हारलासुद्धा जायचे नाही. प्रत्येक 'नाही'ला मी माया असे नाव दिले होते. बारावीनंतर तिने दूरच्या एका मिशन रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज केला, हे तिने मला सांगितले ते अर्ज गेल्यावर. आणि अर्जावर पत्ता आमचा घातला नव्हता, मामांचा घातला होता. या एका गोष्टीवरून मी तिच्या नजरेत काय झालो होतो ते मला समजायला हवे होते.

भाताच्या आवणीचे दिवस होते. एका दुपारी मामा लिफाफा घेऊन खोडाळ्याहून आमच्याकडे आले. हा प्रवास त्यांच्या दृष्टीने लहानसहान नव्हता. एसटीत ते चालकाच्या बरोबर मागे बसत, डोळे गच्च मिटून घेत, आणि प्रत्येक वळणावर पुटपुटत, "भाऊ, तू मोकळा आहेस, पण वळण बघ." चालक त्यांना ओळखत असत, काही जण मुद्दाम विचारीत, "बाबा, सरळ जाऊ का?" त्या दिवशी करुणा घरी नव्हती. मी ओसरीवर होतो. लिफाफ्यावरचे रुग्णालयाचे नाव मला लांबूनच दिसले, आणि मी हात पुढे केला.

मामांनी माझ्या हाताकडे पाहिले. मग माझ्या तोंडाकडे पाहिले. ते थांबू शकले असते. ती यायला अर्धा तासही नव्हता. "करुणाचं आहे," ते म्हणाले. "तिच्या हातात द्या." आणि त्यांनी लिफाफा माझ्या हातात ठेवला.

ते गेल्यावर मी तो फोडला. जागा मिळाली होती. बारा दिवसांनी सकाळी हजर व्हायचे होते. न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. मी पत्नीच्या साड्यांची ट्रंक उघडली, तळाच्या वर्तमानपत्राखाली तो कागद सरकवला आणि ट्रंक बंद केली. मला वाईट वाटले नाही. मला सुटल्यासारखे वाटले. हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण पापाबद्दल मी ऐकलेल्या प्रवचनांत त्या सुटकेचा उल्लेख मला कधी आढळला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा आले. सहज आलो म्हणाले. चहा घेतला, पावसाबद्दल बोलले, शेळीने मंजुळाबायची छत्री खाल्ल्याचे सांगितले आणि चारच्या गाडीने गेले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी कपडे चिखलाने भरलेले होते. गाडी घाटात बंद पडल्याने ते मधले अंतर चालत आले होते, आणि वाटेत भेटलेल्या एका म्हशीमुळे त्यांना शेतातून वळसा घ्यावा लागला होता. त्यांनी पत्राचा एक शब्दही काढला नाही. माझ्याकडे पाहत, पटकन नजर खाली वळवीत, आणि निघताना दारात उगाच घुटमळत. मी शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मला त्यांची गाडी आल्याचे ऐकू येई आणि हातातला खडू तुटे. ज्या माणसाला उभ्या जन्मात कोणी भ्याले नव्हते, त्या माणसाला मी भिऊ लागलो. तो सांगेल ही माझी भीती होती. आणि चार-पाच दिवसांनी तिच्याखाली दुसरी एक भीती सापडली, ती अशी, की हा सांगणारच नाही.

सहाव्या दिवशी ते चहा पीत असताना करुणा आतून आली आणि सरळ त्यांच्यासमोर बसली. "आजोबा, रुग्णालयात फोन लावला होता. निकाल फोनवर सांगत नाहीत, पत्रं टपालानं पाठवली म्हणतात. तुमच्याकडे काही आलं का?"

मामांना खोटे बोलता येत नसे. ती विद्या त्यांना साधलेलीच नव्हती. त्यांचा चेहरा पांढरा पडला.  "करुणा," ते म्हणाले, "ते तू पप्पांना विचार, बाळ."

ती माझ्याकडे वळली. मी माझ्या मृदू स्वरात म्हणालो, "नाही आलं."

मामांनी डोळे मिटून घेतले. एसटीत वळणावर मिटत तसेच. मी वाट पाहिली. आता हा माणूस बोलेल, आता तोंड उघडेल, आणि सगळे संपेल, याची मी वाट पाहिली. आणि खरे सांगायचे तर ते संपावे अशी माझी त्या क्षणी इच्छा होती. त्यांनी तोंड उघडले नाही. करुणा "बरं" म्हणून आत गेली.

त्यानंतरही ते येत राहिले. अकराव्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोहोचवायला गेलो, आणि शेडखाली पावसाच्या आवाजात माझा बांध फुटला. "तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही तिला सांगत का नाही?"

"सांगितलं तर पत्र तिला मिळेल," मामा म्हणाले. "पण मग ते तुम्ही दिलेलं नसेल."

"मग मुळात माझ्या हातात दिलंतच का? तुम्हाला दिसलं नव्हतं मी काय करणार ते?"

"दिसलं होतं. पण तुम्ही हात पुढे केलात. तुमच्यावर भरवसा नाही असं तुमच्याच दारात कसं म्हणू?"

"आणि ती? माझ्या मोकळेपणाची किंमत त्या पोरीने का द्यायची?"

मी इतके क्रूर काही विचारले असेन असे मला तेव्हा वाटले नव्हते. मामा मटकन बाकावर बसले. "हाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं पडवीत बसून लोकांना उत्तर देतोय आणि ह्याच्यापाशी माझी बोबडी वळते. अर्जाच्या माहितीपत्रकातच तारीख होती, परवा सकाळी तिनं तिकडे हजर व्हायचं. म्हणजे उद्या सकाळची नाशिकची गाडी, शेवटची. मी उद्या पहाटेच्या गाडीनं येणार आहे. येऊन काय करीन, मला माहीत नाही. गप्प राहीन की ओरडून सांगीन, खरंच माहीत नाही. मी देव नाही हो, जावईबापू. माझी छाती तेवढी नाही."  त्यांची गाडी आली तेव्हा मला त्यांना हात धरून पायरीवर चढवावे लागले.

पहाटे मी ट्रंक उघडली. करुणा गॅसपाशी होती. मी पत्र तिच्या हातात दिले आणि म्हणालो, "हे आलेलं होतं. मी लपवलं." तिने वाचले. "कधी आलं?" तिने विचारले. "दुसऱ्या दिवशी आजोबा आले ना, त्याच्या आदल्या दिवशी," असे काहीतरी अडखळत मी बोललो. तिने कागद घडी करून ठेवला, गॅस बंद केला आणि बॅग भरायला घेतली.  आम्ही स्टँडवर पोहोचलो तेव्हा मामा खोडाळ्याच्या गाडीतून उतरत होते. त्यांनी तिच्या हातातली बॅग पाहिली, आणि चिखलाचा विचार न करता जिथल्या तिथे खाली बसले. करुणाने त्यांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे न पाहता गाडीत चढली आणि गेली. मामा चिखलातच बसून होते. मग ओल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहून म्हणाले, "वाचवलंत हो मला."

तिला जागा मिळाली. मला मात्र त्या बारा दिवसांची जी भरपाई करायची होती ती जमली नाही. ती रविवारी फोन करी. जेवलात का, औषध घेतलं का, ठेवते. सुट्टीत एकदा आली, ती बरीचशी खोडाळ्याला राहिली. तिने क्षमा केली नव्हती, आणि ती मागून मिळणारी वस्तू नाही एवढे मी शिकलो होतो.

गेल्या नाताळानंतर मामा गेले. झोपेतच गेले, मरणाला सर्वांत जास्त भिणाऱ्या माणसाला ते कळलेही नाही. करुणा मातीला आली. मंजुळाबायने कबरीशी उभे राहून सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "असा भित्रा मानूस नव्हता बगितला. पन त्याला सोडून कोन पलालं नाय." दुसऱ्या दिवशी मी मुलीला मोखाड्याच्या स्टँडवर पोहोचवायला गेलो. गाडी लागायला वेळ होता. तिने रस्त्याकडे पाहत विचारले, "पप्पा, पत्राचं आजोबांना माहीत होतं?"

एका शब्दात मला मामांचे नाव राखता आले असते. ते आता कोणालाच काही सांगणार नव्हते. "हो," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून. त्यांनीच माझ्या हातात दिलं होतं. मी द्यावं म्हणून ते थांबले होते."

 मी तिच्याकडून त्यांनाही हिरावून घेतले, असे मला वाटले. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं. 'पप्पांना विचार' म्हणाले, तेव्हाच कळलं."

"तेव्हाच? मग तू मागितलं का नाहीस?"

"मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं. घाबरून दिलं असतं." तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. "फार भीती वाटत होती, पप्पा. रोज."

"आणि दिलं नसतं तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती थांबली. "एप्रिलमध्ये आठ दिवस सुट्टी आहे. येईनच असं नाही."

ये, हा शब्द माझ्या ओठांवर आलेला होता. त्याच्या मागे आईची आठवण, माझे वय, रिकामे घर, हे सगळे रांगेत उभे होते, आणि त्यातले एकेक पुढे केले असते तर ती नक्की आली असती. "तुला वाटेल तसं कर, बाळ," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले आणि आत गेली. गाडी सुटून वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो. माझे पाय इतके लटपटत होते, की शेजारी भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने मला विचारले, "मास्तर, बरं नाय वाटत का?"

"बरं आहे," मी म्हणालो. "नुसती भीती वाटते आहे."